छतावरचे सोलर : किती किलोवॅट, आणि कोणाला परवडते?

विजेचे बिल हा कामगार घराच्या जमाखर्चातला आता लहान आकडा राहिलेला नाही. किराणा, घराचा हप्ता आणि मुलांच्या शिकवण्या यांच्या पाठोपाठ तोच येतो. नागपूर-अकोल्याकडे वैशाखात कूलर रात्रंदिवस चालतो, तेव्हा तर बिलाचे पाकीट उघडायलाच नको वाटते. अशा दिवसांत दारात एखादा टापटीप तरुण येऊन "ताई, छतावर सोलर बसवा, वीज फुकट, वर सरकार ७८ हजार देते" असे सांगू लागला, तर घरची माणसे कान देऊन ऐकणारच. आमच्याकडेही हाच प्रश्न वारंवार येतो : हे खरे आहे का, आणि आपल्यासारख्यांनी त्यात पडावे का?

खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे आपल्या स्वतःच्या बिलात लिहिलेले असते आणि ते विक्रेता वाचून दाखवत नाही. म्हणून या लेखात आम्ही सूर्यापेक्षा बिलाबद्दलच जास्त बोलणार आहोत.

प्रथम सरकारी मदतीचे पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू केली. तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठेवलेली आहे. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून कितीही मोठे संच बसवले तरी ७८ हजार रुपये अनुदान मिळते. हा आकडा कसा आला तेही समजून घ्यावे. पहिल्या दोन किलोवॅटचा प्रमाण खर्च प्रत्येकी ५० हजार धरून त्याच्या ६० टक्के आणि तिसऱ्याचा ४५ हजार धरून ४० टक्के, असा हा हिशेब आहे. म्हणजे सरकार पहिल्या दोन किलोवॅटला सढळ हाताने देते, तिसऱ्याला हात आखडते आणि चौथ्याला काहीच देत नाही. बाजारात प्रत्यक्ष भाव यापेक्षा बहुधा जास्तच सांगितला जातो.

एक किलोवॅट म्हणजे काय? आजकालच्या मोठ्या आकाराच्या दोन पाट्या. महाराष्ट्राच्या उन्हात त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज होते, महिन्याला शंभर ते एकशेवीस. आपण ११० धरू. उन्हाळ्यात यापेक्षा जास्त, आषाढ-श्रावणात बरीच कमी. दिवसा जी वीज घरात खपत नाही ती तारेने महावितरणकडे जाते आणि रात्री आपण त्यांच्याकडून घेतो. दोन्हीकडची मोजणी करणारे वेगळे मीटर बसते, त्याला नेट मीटर म्हणतात. बिल येते ते वजाबाकी करून उरलेल्या युनिटचे.

आता बिल हातात घ्या. आमच्या भगिनी भाजीच्या हिशेबात चार आणेही सोडत नाहीत. पण विजेचे बिल मात्र शेवटचा आकडा पाहून घडी घालून ठेवतात. तसे करू नका. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, त्यापुढे आणखी चढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या शंभरापर्यंत युनिटला ५ रुपये ८८ पैसे आणि १०१ पासून ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे पडत होते. म्हणजे शंभरची रेघ ओलांडली की युनिटचा भाव जवळजवळ दुप्पट. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आज तुमच्या बिलावर जो छापला असेल तोच धरा. आम्ही समजावण्यापुरते हे आकडे वापरतो. या रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लागते. आणि युनिट एकही जळले नाही तरी दरमहाचा स्थिर आकार द्यावाच लागतो. तेव्हा 'शून्य बिल' म्हणणाऱ्याला हा स्थिर आकार कोण भरणार ते विचारा.

समजा एक घर आहे. दोन खोल्या, तीन पंखे, टीव्ही, लहान फ्रिज. महिन्याला ८० युनिट. विजेचे ४७० रुपये आणि त्यावरचे शुल्क मिळून सुमारे ५४५ होतात. स्थिर आकार वेगळा. या घरावर १ किलोवॅट बसवले तर हे ५४५ वाचतील, म्हणजे वर्षाला साडेसहा हजार. संचाचे ६० हजार पडले आणि ३० हजार अनुदान आले, तर खिशातले ३० हजार साडेचार-पाच वर्षांत फिटतात. वाईट सौदा नाही. पण याच घरावर कोणी ३ किलोवॅट बसवून दिले तर? किंमत समजा १ लाख ८० हजार, अनुदान ७८ हजार, खिशातले गेले १ लाख २ हजार. आणि वाचणार किती? तेच ५४५. कारण घर ८० युनिटच जाळते, त्याहून जास्त वाचणार कसे? उरलेली वीज महावितरणला जाते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक युनिटचा जो मोबदला मिळतो तो आपण घेतो त्या दराच्या मानाने फार थोडा असतो. पाच वर्षांत फिटणारा सौदा पंधरा वर्षांवर गेला. '७८ हजार मिळतात' या एका वाक्याची ही किंमत आहे. मोठे अनुदान मोठ्या संचावर मिळते, आणि मोठा संच विकण्यात विक्रेत्याचा लाभ असतो. आपला असेलच असे नाही.

आता दुसरे घर घेऊ. दोघे कमावते, फ्रिज, धुण्याचे यंत्र, उन्हाळ्यात दोन कूलर. वर्षाची सरासरी २५० युनिट. इथे गणित पालटते. पहिल्या किलोवॅटचे ११० युनिट वजा झाले की हे घर १४० वर येते. जे ११० गेले ते सगळे साडेअकराच्या भावाचे. शुल्क धरून महिन्याला साडेचौदाशेच्या घरात बचत. खिशातले ३० हजार दोन वर्षांच्या आतबाहेर मोकळे. दुसरा किलोवॅट मात्र ४० महाग युनिट आणि ७० स्वस्त युनिट खातो, म्हणून त्याची बचत हजाराच्या आसपास. तरी चांगलीच. तिसऱ्याला या घरात खायला जवळजवळ काही उरतच नाही. पहिला किलोवॅट नेहमी महाग युनिट उचलतो, पुढचे स्वस्त. हे एकदा ध्यानात आले की कोणी कितीही गोड बोलले तरी फसण्याचे कारण नाही.

तेव्हा मागच्या बारा महिन्यांचे युनिट मांडा. बिले जपून ठेवली नसतील तर मागील महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. बेरीज करून बाराने भागा, आणि येणाऱ्या आकड्याला ११० ने भागा. एक आला तर एक, दोन आला तर दोन. मधला आला तर आमच्या मते खाली उतरावे, वर चढू नये. केवळ मे महिन्याचे बिल पाहून जो संच सुचवतो, त्याला परत पाठवा.

शंभर युनिटच्या आतल्या घरांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती आपल्या वस्त्यांपर्यंत पुरेशी पोहोचलेली दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने 'स्मार्ट' नावाची छतावरील सौर योजना मंजूर केली. शंभर युनिटच्या आत वापर असणाऱ्यांना १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर आहे. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला साडेसतरा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार, आणि इतरांना १० हजार. ५० हजारांच्या प्रमाण खर्चात दारिद्र्यरेषेखालील घराचे अडीच हजार लागतात आणि अनुसूचित जातीच्या घराचे पाच हजार. वर ज्या ८० युनिटच्या घराचे आपण पाहिले, त्याचे पाच हजार एका वर्षाच्या आत वसूल होतात. संख्या ठरलेली आहे, जो आधी त्याला आधी, म्हणून आपल्या भागातल्या महावितरणच्या कार्यालयात जाऊन जागा शिल्लक आहे का, तुमचा वापर निकषात बसतो का, हे स्वतः विचारावे. त्यासाठी जातीचा दाखला हवा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो मुलांच्या नावाने असतो, शाळा-कॉलेजसाठी काढलेला. मीटर ज्याच्या नावावर आहे त्या वडिलांच्या वा आईच्या नावाने नसतो. तो आधी काढून घ्यावा.

वीज सर्वांना आणि स्वस्त मिळावी हा विचार आपल्याला नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्यात होते. विजेच्या नियोजनासाठी १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्याच काळात. पुढे २०२१ मध्ये महावितरणने त्यांच्या नावाने 'जीवन प्रकाश योजना' आणली, तीत अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना ५०० रुपये अनामत पाच हप्त्यांत भरून जोडणी मिळत होती. किती घरांनी वेळेवर अर्ज केला आणि किती घरांना ती संपल्यावर कळले, हे वाचकांनी आपल्याच गल्लीत आठवून पाहावे.

आता कर्जाचे. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकांचे विनातारण कर्ज आहे; योजना सुरू झाली तेव्हा व्याज सालिना ७ टक्क्यांच्या आसपास होते. ३० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता या दराने साडेतीनशेच्या आसपास येतो, पाच वर्षांचा सहाशेच्या जवळ. ८० युनिटच्या घराची बचत ५४५. म्हणजे दहा वर्षांचा हप्ता बचतीतून सुटतो, पाच वर्षांच्या हप्त्यात दरमहा थोडे पदरचे घालावे लागतात. पण हेच ३० हजार कोणी शेकडा २ रुपये महिना व्याजाने उचलले, तर नुसते व्याजच महिन्याला ६०० होते. बचतीपेक्षा व्याज जास्त! असे सोलर घरात आणण्यापेक्षा न आणलेले बरे. बचत गटाचे, भिशीचे किंवा दारावर येणाऱ्या फायनान्सवाल्याचे कर्ज या कामी काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. घरातल्या बाईचे सोने तर मुळीच मोडू नये. आणखी एक : अनुदान आधी मिळत नाही. संच बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते ग्राहकाच्या खात्यात येते. मधले महिने ते पैसे आपल्याला अडकवून ठेवावे लागतात, तेवढी सोय पाहिजे.

ज्यांचा वापर शंभरच्या थोडा वर आहे, १२० किंवा १४० युनिट, त्यांनी छताकडे पाहण्याआधी पंख्याकडे पाहावे. जुना पंखा ७५ वॅट खातो. तीन पंखे दिवसाला बारा तास चालले तर महिन्याला ८१ युनिट होतात. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास पुरतात, तेच तीन पंखे ३२ युनिटमध्ये भागवतात. एकोणपन्नास युनिट वाचले आणि १४० चे घर ९१ वर आले. जे गेले त्यातले बहुतेक महाग युनिट होते, म्हणून उकाड्याच्या महिन्यात पाचशेच्या वर वाचतात. तीन पंख्यांना आठ-नऊ हजार लागतात. त्याला ना अर्ज, ना नेट मीटर, ना छत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही हे जमते, घर सोडताना पंखे काढून नेता येतात. सोलर नंतर घ्यायचेच ठरले तरी लहान संचात भागते.

छताचे पाहू. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, दक्षिणेकडे तोंड करून, सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत सावली नसलेली. शेजारच्या दुमजली घराची, पाण्याच्या टाकीची, कडुनिंबाच्या फांदीची सावली एका पाटीच्या कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. हे हिवाळ्यात तपासावे, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. उन्हाळ्यात सावली नव्हती म्हणून डिसेंबरात नसेल असे नाही.

आणि शंभर चौरस फूट म्हणजे अनेक घरांची अर्धी गच्ची. त्याच गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळतात, मिरची पसरते, मे महिन्यात अंथरुणे पडतात. पुरुषमंडळी छतावर कागदी रेघा मारून मोकळी होतात. पण ती जागा खरी कोण वापरते ते घरात विचारूनच ठरवावे. पाट्या माणूस खालून जाईल एवढ्या उंचीवर बसवता येतात, खालची जागा मोकळी राहते, सावलीही मिळते. मात्र लोखंडी सांगाडा वाढतो आणि खर्चही वाढतो, वाऱ्याचा जोरही जास्त बसतो. वळवाच्या आधीच्या वावटळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको की सांगाडा स्लॅबमध्ये पक्का रोवलेला हवा, नुसता विटांवर टेकवलेला नको. एक पाटी तीस किलोच्या जवळ असते, ती उडाली तर शेजाऱ्याच्या जिवावर बेतेल. गळक्या स्लॅबची दुरुस्ती आधी करावी. पाट्या बसल्यावर ती होत नाही.

पत्र्याच्या घरावर सोलर बसत नाही असे नाही. भार पत्र्यावर न पडता खालच्या लोखंडी अँगलवर किंवा भिंतीवर पडला पाहिजे. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र माणसाने चढणेच धोक्याचे, मग दर पंधरवड्याला धूळ पुसायला कोण चढणार? पाट्यांवर धूळ बसली की वीज कमी होते. सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने धुवावे, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. हे काम शेवटी घरातल्या बाईकडेच येते असा आमचा अनुभव आहे. शिडी मजबूत असावी.

एक गैरसमज इतका पसरला आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. सोलर बसवले की लाइट गेल्यावरही घरात उजेड राहील असे लोकांना वाटते. राहत नाही. अनुदानावर साधारणपणे बसतो तो संच तारेशी जोडलेला असतो आणि तारेतली वीज गेली की तो आपोआप बंद पडतो, भर दुपारी कडक ऊन असले तरी. तसे मुद्दाम केलेले असते. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसेल. लाइट गेल्यावर वीज हवी तर बॅटरी लागते, ती महाग पडते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. ज्या घरात अभ्यासाला उजेड एवढीच गरज आहे, तिथे चार्जिंगचा दिवा स्वस्त.

विक्रेता निवडताना तो योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहावे, नसेल तर अनुदान नाही. कोटेशन लेखी घ्यावे, तोंडी नको. पाट्या कोणत्या कंपनीच्या, किती वॅटच्या, देशी सेलच्या आहेत का, हे त्यात लिहिलेले असावे. अनुदानाला देशी सेलच्याच पाट्या चालतात. सोलरचा इन्व्हर्टर, सांगाडा, अर्थिंग, वीजरोधक, वायर आणि मीटरचा खर्च त्यात धरला आहे की नंतर वेगळा मागणार, हे आधीच विचारावे. सप्टेंबर २०२५ पासून सोलर पाट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुन्याच भावाचा कागद पुढे केला तर हे बोलून दाखवावे. पाट्यांची हमी पंचवीस वर्षांची सांगतात. इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी असते, तेव्हा मध्ये एकदा तो बदलण्याचे पैसे हिशेबात धरा. पाच वर्षे देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा टप्पा नेट मीटर लागल्यावरच. मोबाइलवर आलेला ओटीपी "फॉर्म भरायचा आहे" म्हणणाऱ्याला सांगू नये. त्या एका ओटीपीवर तुमच्या नावे कर्जाचा अर्जही होऊ शकतो.

कागदपत्रांत आपली माणसे एका जागी हमखास अडतात. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, घरटॅक्स काकांच्या नावावर आणि बँक खाते तिसऱ्याच्याच. वीज ग्राहकाचे नाव आणि अनुदानाच्या बँक खात्याचे नाव एकच लागते. म्हणून विक्रेत्याला बोलावण्याआधी मीटरचे नाव बदलून घ्यावे, थकबाकी असेल तर चुकती करावी. भावाभावांत छत सामाईक असेल तर बाकीच्यांची लेखी संमती आधीच घ्यावी. पाट्या बसल्यावर झालेली भांडणे पाट्यांसारखीच पंचवीस वर्षे टिकतात.

मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि सोसायट्यांत राहणाऱ्या वाचकांचे छत त्यांचे एकट्याचे नसते. तिथे संस्थेने ठराव करून जिना, पंप आणि लिफ्टसाठी सोलर घ्यावे. त्याला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे आणि महिन्याच्या देखभाल खर्चात प्रत्येकाला त्याचा फायदा मिळतो. मुंबईत वीज पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आणि त्यांचे दरही वेगळे, तेव्हा वरचा हिशेब आपापल्या बिलावरचे आकडे घालून पुन्हा मांडावा. आणि जिथे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, तिथे इमारत नक्की किती वर्षे उभी राहणार हे कळेपर्यंत संस्थेने या खर्चात पडू नये.